अठराशेवी लादी

निघाला होता तो पलीकडच्या गल्लीतल्या कोरीवकामवाल्याकडे. पण पावसाने मध्येच गाठलं आणि तो शिरला तिच्या वडिलांच्या दुकानात. केसांतून पाणी ठिबकत होतं, खिशातला कागद मात्र कोरडा होता. दगडावर अक्षरं कोरणाऱ्या तिला तेवढंच आधी आवडलं.

"ग्रंथालयासाठी पाटी हवीय," तो म्हणाला. "नवीनच लागलोय तिथे. मजकूर माझाच आहे."

तिने वाचलं. 'ही वास्तू सन १८०० मध्ये, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधली.'

"हे नाही कोरणार मी."

"का? अक्षर वाईट आहे?"

"अक्षर देखणं आहे..." ती चटकन छिन्नी पुसू लागली. "शतक चुकलंय. अठराशे हे अठराव्या शतकाचं शेवटचं वर्ष."

"अहो, अठराशे म्हटलं की एकोणिसावं लागलंच की!"

तिने कोपऱ्यातल्या लाद्यांकडे बोट दाखवलं. "शंभर-शंभरच्या थप्प्या लावा. पहिली लादी एक नंबरची. शून्य नंबरची लादी पाहिलीय कधी? मग शंभरावी कुठल्या थप्पीत?"

"पहिल्या."

"आणि अठराशेवी?"

तो बोटं मोजत राहिला, मध्येच तिच्याकडे बघताना हिशेब चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला. "अठराव्या... म्हणजे दोन हजार साल उजाडलं तेव्हा नवं सहस्रक आलं म्हणून आम्ही घरभर नाचलो, ते—"

"वर्षभर आधीच नाचलात."

तो खळखळून हसला. मग चेहरा उतरला. "साहेबांनी हा मजकूर सगळ्यांना वाचून दाखवलाय. माझी नोकरी अजून कच्ची आहे हो... बघतो."

तीन दिवस तो फिरकला नाही.

"आलेलं गिऱ्हाईक घालवलंस!" वडील करवादले. "पलीकडचा काहीही न विचारता कोरून देतो."

तिला गिऱ्हाइकाचं काही नव्हतं. चूक कळूनही ती दगडात घालणारा माणूस निघाला तर? तीच धास्ती होती. कारण तो तिला आवडला होता, आणि स्वतःपासून काय लपवायचं!

चौथ्या दिवशी तो दारात उभा. लख्ख ऊन पडलेलं.

"आज तर पाऊस नाही," ती म्हणाली.

"आज मुद्दाम आलोय." त्याने कागद पुढे केला. 'सन १८००, अठराव्या शतकाच्या अखेरच्या वर्षी.'

"साहेब?"

"विचारलं, चूक कुणाची. म्हटलं, माझी. नोकरी पक्की व्हायला आता आणखी सहा महिने."

तिने दगडावर पेन्सिलीने अक्षरं आखली. दुकानाचा नियमच होता, की गिऱ्हाइकाने बोट ठेवून मोठ्याने वाचायचं, मगच छिन्नी लागायची. त्याने वाचलं. मग पेन्सिल उचलून शेजारच्या दगडाच्या तुकड्यावर काहीतरी लिहिलं आणि कानापर्यंत लाल झाला.

ती वाकली. वाचलं.

"नियम माहीत आहे ना? बोट ठेवून. मोठ्याने."

"आत वडील आहेत..."

"नियम सगळ्यांना सारखा."

त्याने बोट ठेवलं. "मला... तुम्ही... आवडता."

आतून वडिलांचा खोकला ऐकू आला. "शतक बरोबर आहे ना, तेवढं बघून घे गं!"

"बरोबर आहे, बाबा," ती म्हणाली, आणि तिने छिन्नी उचलली.