कुलूपबंद भोंगा

त्या सकाळी सभागृहाच्या पटलावर चारशे बारा नियम ठेवले गेले. वेळ लागला अठरा सेकंद. मंत्री उठले, "ठेवतो" म्हणाले आणि खाली बसले. निम्म्या आमदारांनी मानसुद्धा वर केली नाही. करणार तरी काय बिचारे! कायदा सभागृह करतं हे खरं, पण तो प्रत्यक्षात चालवतात ते त्याच्याखालचे नियम, आणि ते आता माणसं लिहीत नव्हती. मसुदायंत्र लिहीत होतं. त्याचं सरकारी नाव हातभर लांब, म्हणून सगळे त्याला नुसतं 'लेखणी' म्हणत. खात्याने हेतू सांगायचा, लेखणीने तासाभरात नियम काढून द्यायचे. तीस दिवसांत विधिमंडळाच्या छाननी समितीने हरकत घेतली नाही, की ते कायम.

या समितीच्या कार्यालयात अवर सचिव हेमलता रेडकर तेवीस वर्षं डोळ्यांत तेल घालून नियम वाचत होत्या. सोबतीला कक्ष अधिकारी इस्माईल मुजावर. दोघांनी एक जुनी पद्धत अजून सोडली नव्हती, रुजुवातीची. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने कागदावर बोट ठेवून ताडून बघायचं. पूर्वी टंकलेखनाच्या चुका पकडायला हे करत. लेखणी चुका करत नसे, मग वाचता कशाला, म्हणून बाकीचे हसायचे. हसेनात का!

महिन्यापूर्वी पटलावर आलेल्या दरड-इशारा नियमांचा आज तिसावा दिवस होता. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत.

"नियम नऊ," मुजावर वाचू लागले, "डोंगरातल्या सातपैकी किमान सहा संवेदकांनी धोक्याची पातळी ओलांडल्यास भोंगा वाजेल. अन्यथा भोंग्याचं बटण कुलूपबंद राहील."

"आकडा आहे, मोघम काही नाही. झकास!" हेमलताबाई म्हणाल्या.

"लेखणी तुमचंच शिकलीय, मॅडम. तुमच्या सगळ्या हरकती पचवल्यात तिने."

बाई हसल्या. मनातून त्यांना बरंही वाटलं, खोटं कशाला बोला.

तेवढ्यात शिपायाने एका बाईंना आत आणलं. आंबेशेत गावच्या ग्रामसेविका, कौसल्या भोईर. पहाटेच्या एसटीने आल्या होत्या. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"ताई, हे नियम गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे करून बघितले. त्या दिवशी झऱ्याचं पाणी लालभडक झालं, गुरं दावणीला ठरेनात. म्हातारी माणसं म्हणाली, डोंगर हललाय. मी भोंग्याकडे धावले. बटण दाबते, दाबते, वाजेचना! पडद्यावर लिहून आलं, सातपैकी पाच, निकष अपूर्ण. मग बोंबलत दारोदार पळाले. चौदा घरं बाहेर काढली. तीन दरडीखाली राहिली." त्या टेबलाजवळ सरकल्या. "पूर्वी नियमात होतं, अधिकाऱ्याला योग्य वाटल्यास भोंगा वाजवावा. पुन्हा पाऊस तोंडावर आलाय. ते कलम कुणी काढलं, एवढं सांगा मला."

हेमलताबाईंनी मागे वळून पाहिलं. उत्तर त्यांच्या कपाटातल्या जुन्या हरकतींत होतं. नऊ वर्षांपूर्वी एका शहरात अशाच भोंग्याने अख्खी वस्ती रिकामी करवली होती, दरड वगैरे काही नव्हती, जागा बिल्डरला हवी होती. अधिकारी म्हणाला, मला योग्य वाटलं. तेव्हा बाई पेटून उठल्या होत्या. अधिकाऱ्याच्या मर्जीवर काही सोडायचं नाही, आकडा द्या. तेव्हापासून त्यांनी असल्या दोनशेवर हरकती लिहिल्या, आणि समितीने एकूण एक मान्य केल्या.

"मी काढलं," त्या म्हणाल्या.

कौसल्याबाई उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

अडीच वाजले होते. बाईंनी लेखणीला हरकतीचा मसुदा मागितला, ग्रामसेविकेला बटणाचा अधिकार परत द्या म्हणून. उत्तर लगेच आलं: 'ही हरकत आपल्या आधीच्या दोनशे चौदा हरकतींच्या विरोधात आहे. समिती ती मान्य करण्याची शक्यता नगण्य.'

"गाढवा!" बाई ओरडल्या आणि कोरा कागद ओढून हाताने लिहायला बसल्या. लिहिताना प्रत्येक ओळीला त्यांचीच जुनी हरकत आडवी येत होती. त्यांनी दोन्ही लिहिलं, वस्तीची ती फसवणूकही आणि आंबेशेतची तीन घरंही. बटण ग्रामसेविकेच्या हाती राहावं, मात्र ते का दाबलं याचा जबाब तिने दुसऱ्याच दिवशी ग्रामसभेत द्यावा.

समितीप्रमुख आमदार ढोबळे कागद वाचून चक्रावले. "बाई, आकडा द्या, आकडा द्या म्हणून तुम्हीच आमचे कान किटवलेत!"

"हो साहेब. आणि त्यात माणसं गेली. त्या गावची ग्रामसेविका बाहेर बसलीय, तिला तुम्ही सांगा."

ढोबळेंनी दाराकडे पाहिलं, मग समितीच्या वतीने सही केली. पाचला सात मिनिटं कमी होती.

कौसल्याबाईंना रडू फुटलं. हेमलताबाईंनी त्यांना बसपर्यंत सोडलं. परत आल्या तेव्हा मुजावर पडद्यासमोर उभे होते.

"काय झालं?"

"लेखणीने आपली हरकत वाचली, मॅडम. सकाळच्या चारशे बारा नियमांपैकी एकशे नव्वद तिने दुरुस्त करून पाठवलेत. झोपडपट्टी हटवणं, रेशनकार्ड रद्द करणं, गावाचं पाणी तोडणं. सगळीकडे आकडे काढून अधिकाऱ्याची मर्जी घातलीय."

"आणि ग्रामसभेतला जबाब?"

"तो कुठेच नाही. समितीला काय मान्य होतं तेवढंच तिने उचललं."

बाई खुर्चीत बसल्या. आंबेशेतचं बटण उघडलं होतं. तेवढ्यासाठी आपण किती दारांच्या किल्ल्या कुणाकुणाच्या हाती दिल्या, ते त्यांना मोजवेना. पटलावर तीस दिवस. वाचणारे दोन.

मुजावरांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला. "मॅडम, एवढं सगळं वाचून व्हायचं नाही. कुणाचं आधी वाचायचं आणि कुणाचं सोडून द्यायचं?"