अस्वलघरातली शिट्टी

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली आहे आणि माझी मावशी खोटं बोलत नाही. तिला जमतच नाही. लहानपणी मी काढलेलं एक चित्र बघून तिने विचारलं होतं, "हे काय रे, कुजलेलं वांगं का?" ते चित्र तिचंच होतं.

आणखी एक. ही रात्रीची गोष्ट नाही. बारा वाजलेले नाहीत, वीज गेलेली नाही, कुत्री रडलेली नाहीत. लख्ख संध्याकाळ होती. प्राणिसंग्रहालयाचं फाटक नुकतंच बंद झालं होतं आणि मावशी अस्वलघरामागच्या बोळात एकटी उभी होती.

हातात साखळी. गळ्यात शिट्टी.

आणि अस्वलघर सकाळपासून रिकामं होतं.

पण थोडं मागून सांगायला हवं.

मावशी तिथे कीपर होती. तिच्याकडे एकच अस्वल. मादी, वयस्कर, एका डोळ्याने अधू, नाकाने मात्र पोलीस. सगळे तिला म्हातारी म्हणायचे. मावशीने लग्न केलं नव्हतं. "एक केसाळ प्राणी सांभाळतेय, तेवढा पुरे," म्हणायची.

म्हातारीला रोज संध्याकाळी मैदानातून आतल्या खोलीत घ्यायचं. साखळी ओढून सरकतं दार वर करायचं, शिट्टी वाजवायची, म्हातारी उतारावरून डुलत डुलत आत येणार, दार खाली सोडायचं आणि लगेच गजांतून खाऊ द्यायचा. यातला एक नियम कधीच मोडायचा नाही. शिट्टी वाजवली की खाऊ द्यायचाच. एकदा जरी फसवलं तरी जनावराचा विश्वास उडतो. मग ते येत नाही.

किंवा आलंच... तर वसुलीला येतं.

मग नवे साहेब आले. त्यांनी आल्या आल्या थर्माकोलचं मॉडेल करून घेतलं. अस्वलघराच्या जागी काचेचं तळं, तळ्यात पाणमांजरं, बाजूला आइस्क्रीमचं दुकान. खेळण्यांच्या दुकानात पाणमांजर मिळालं नाही म्हणून मॉडेलमध्ये डायनासोर पोहत होता.

"एक म्हातारं अस्वल द्यायचं, तीन तरुण पाणमांजरं घ्यायची," दुसऱ्या एका प्राणिसंग्रहालयाशी अदलाबदल ठरवून साहेब खुशीत म्हणाले. "याला म्हणतात सौदा."

"साहेब, मग मलाही तिच्याबरोबर पाठवा. दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही ती."

"बाई, प्राण्यावर कीपर फ्री अशी योजना नाहीये आपल्याकडे."

मावशीने अर्ज केला, विनवण्या केल्या, पुन्हा अर्ज केला. साहेब ढिम्म.

वर म्हातारीला वाहतुकीच्या पिंजऱ्याची सवय लावायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. पिंजरा दाराशी लावून ठेवायचा आणि खाऊ त्यातच द्यायचा, म्हणजे जायच्या दिवशी जनावर आपल्या पायांनी आत जातं. म्हातारी गेली. शिट्टी ऐकली आणि शहाण्या मुलीसारखी चालत गेली. मावशीने तिला खाऊ दिला आणि ती खात असतानाच दार बंद केलं.

ट्रकच्या ड्रायव्हरला सगळे पायलट म्हणायचे. "काळजी करू नका ताई, विमानासारखी नेतो," तो म्हणाला, आणि पहिल्याच वळणावर ट्रक कुंपणाला घासला.

त्या संध्याकाळी फेरी मारता मारता मावशी अस्वलघरामागे आली. डोकं ठिकाणावर नव्हतं. हात सवयीने चालले. साखळी ओढली. दार वर गेलं.

तिने शिट्टी वाजवली.

वाजवल्यावर लक्षात आलं. "कसली वेडी गं मी," ती स्वतःशीच पुटपुटली आणि बाहीने डोळे पुसले.

तेवढ्यात...

मैदानातला पाचोळा वाजला.

वारा नव्हता.

मग उतारावर... नखं.

टक. टक. टक.

म्हातारी चालायची तेव्हा धापा टाकायची. हे धापा टाकत नव्हतं. नखांचा आवाज आत आला, गजांपाशी आला आणि थांबला. खोलीत काहीच नव्हतं. पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती, तिच्यावरच्या रंगाच्या पोपड्यांसकट.

पण गजांपलीकडे कुणीतरी वाट बघत होतं.

मावशीच्या हातात खाऊ नव्हता.

"आज नाहीये गं काही," ती कशीबशी म्हणाली. आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच तिने केलं, म्हणजे रोजचं काम. साखळी सोडली. दार धाडकन खाली आलं. कुलूप घातलं.

अर्ध्या वाटेवर तिला कळलं, आपण ते आत कोंडून आलोय.

घरी येऊन तिने माझ्या आईला फोन केला. आई तिची मोठी बहीण. आईकडे प्रश्नाआधी उत्तर तयार असतं.

"अगं, गेली असेल बिचारी वाटेत," आई म्हणाली. "आणि आली तुझ्याकडे परत. जीव होता तिचा तुझ्यावर."

"ऑफिसवाले म्हणतात, सुखरूप आहे."

"ऑफिसवाले! त्यांच्या मते माझा गॅस सिलिंडरसुद्धा घरी पोचलाय."

मावशीला ते पटलं. तिने पटवून घेतलं म्हणा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दार उघडलं, "जा, फिरून ये," म्हणाली, आणि संध्याकाळी केळी आणि उकडलेली रताळी घेऊन हजर झाली. शिट्टी. पाचोळा. नखं. "काल उपाशी ठेवलं ना तुला? चुकलं माझं," म्हणत तिने खाऊ आत सरकवला.

सकाळी केळी तिथेच होती. सालं अखंड, पिवळीधमक. तिने एक उचललं, तर...

आत काहीच नव्हतं. फुगवलेल्या कागदी पिशवीसारखं हलकं.

खरं तर मावशीला भीती वाटायला हवी होती. तिला बरं वाटलं. म्हातारीचे दात पडले होते, मेल्यावर अशीच खात असेल, असा तिने अर्थ लावला. जीव लावलेला माणूस कशाचाही अर्थ लावतो. त्या दिवसांत ती फोनवर चक्क गुणगुणायची.

मग मैदानात तळं बांधून झालं आणि पायलट पाणमांजरं घेऊन आला.

"ताई, तुमच्यासाठी एक गंमत आणलीय," म्हणत त्याने मोबाइल पुढे धरला. व्हिडिओत म्हातारी होती. हिरव्यागार मैदानात उताणी पडलेली, चारही पाय आभाळाकडे.

"कधीचा आहे हा?" मावशीने विचारलं.

"कालचा. सुरुवातीला रुसली होती, आता नुसती कलिंगडं हाणते. वजन वाढलंय बाईसाहेबांचं. अहो ताई... रडताय काय? आनंदाची गोष्ट आहे!"

मावशी आनंदाने रडत नव्हती.

म्हातारी जिवंत होती.

मग रोज संध्याकाळी आपण खाऊ घालतोय... ते कुणाला?

त्या दिवशी तिने शिट्टी वाजवायची नाही असं ठरवलं. गळ्यातून काढली, मुठीत आवळली आणि बोळाच्या तोंडाशी, लांब उभी राहिली. फाटक बंद झालं. माकडं गप्प झाली. माकडं कधी गप्प होत नाहीत.

आणि अस्वलघरातून...

शिट्टी वाजली.

एक लांब, दोन आखूड. मावशीचीच लय.

तिची शिट्टी तिच्या मुठीत होती.

तिचे पाय चालायला लागले. ती शपथेवर सांगते, तिने चालवले नाहीत. भानावर आली तेव्हा ती आतल्या खोलीत उभी होती, गजांच्या चुकीच्या बाजूला. दार खाली आलेलं. बाहेरून कुलूप. किल्ली तिच्याच खिशात.

बोळात, जिथे ती रोज उभी राहायची, तिथे नखं वाजली.

मग गजांतून... एक केळं आत सरकलं.

सकाळी झाडूवालीने तिला बाहेर काढलं. आईने पुढे एकदाच विचारलं, "तू ते खाल्लंस का गं?"

मावशीने विषय बदलला.

इकडे पाणमांजरं आतल्या खोलीत पाऊल टाकेनात. तिघंही तळ्याच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून तरंगत राहायची. साहेबांनी निदान केलं, "बाई, तुमच्या अंगाला अस्वलाचा वास येतो. बिथरतात ती." आणि इतके दिवस अडलेली बदली त्यांनी चहा निवायच्या आत मंजूर केली. तिकडच्या साहेबांनाही फुकट कीपर नको होता थोडाच.

मावशीला वाटलं, सुटले. म्हातारीही मिळाली आणि ती खोलीही सुटली. सबंध प्रवासात ती पायलटला म्हातारीचे किस्से सांगत होती.

तिथे पोचल्यावर तिने शिट्टी काढलीच नाही. कुंपणाला बिलगून नुसती हाक मारली, "म्हातारे, ए म्हातारे! मी आलेय गं!"

लांबवर म्हातारीने मान वर केली. ओळखलं. आखडलेल्या पायांनी, धापा टाकत, चक्क पळत निघाली.

मध्यावर आली... आणि थांबली.

नाक वर केलं. हुंगलं. मानेवरचे केस ताठ उभे राहिले. तिच्या चांगल्या डोळ्याने ती मावशीकडे बघत नव्हती. मावशीच्या जरा बाजूला, खांद्याच्या मागे बघत होती.

मग ती वळली. थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशीही तेच. त्यानंतरही तेच. मावशीच्या हातचं सोडा, मावशी आवारात असली तर म्हातारी कुणाच्याच हातचं खाईना. कलिंगडं सडली. तिची हाडं दिसायला लागली. शेवटी तिथल्या डॉक्टरांनी मावशीला बाजूला घेतलं. "तुम्ही तिच्यावर किती माया करता ते दिसतंय मला. पण तुम्ही इथे राहिलात तर ती मरेल."

मावशीने त्याच दिवशी नोकरी सोडली. म्हातारीकडे वळून बघितलंही नाही. आपल्या मागे जे होतं, तेही वळलं असतं, म्हणाली.

आता ती एका खोलीत भाड्याने राहते. आम्ही किती वेळा म्हटलं, आमच्याकडे ये. "नको, तुमच्याकडे पोरं आहेत," एवढंच म्हणते. फळवाला तिला ओळखतो. एकट्या बाईला रोज इतकी केळी कशाला लागतात, हे त्याने अजून विचारलेलं नाही.

म्हातारी पुन्हा खायला लागली, असं पायलट सांगतो. मावशीला व्हिडिओ पाठवतो. ती ते उघडत नाही.

परवा आईने तिला फोन केला. संध्याकाळ होती. गुडघेदुखी, पाण्याचं बिल, असलंच काहीबाही चाललं होतं. मावशी मध्येच थांबली. फोन तोंडापासून लांब धरून हळूच कुणाला तरी म्हणाली, "थांब जरा. देते."

"कोण आहे गं तिथे?" आईने विचारलं.

मावशीने फोन पुन्हा तोंडाजवळ घेतला.

"माहीत नाही गं, ताई," मावशी म्हणाली.