जुन्या टाकीवरचा आरडाओरडा

"त्या फांदीला हात लावू नका!" टिपणी एका दमात जिने चढून गच्चीवर येऊन ओरडली.

गच्चीवर सेक्रेटरीकाका हेल्मेट घालून उभे होते. कालपासून दोन कावळे येईल त्याच्या डोक्यावर टोचा मारत होते, म्हणून काकांनी गच्चीवर झुकलेली घरट्याची फांदीच तोडायला माणूस बोलावला होता. घरट्यात अजून दोन पिल्लं होती!

"काका, त्यांचं तिसरं पिल्लू हरवलंय!"

"तुला कावळ्यांची भाषा येते वाटतं?"

"थोडी येते!"

आणि खरंच येत होती हो! अख्खी सुट्टी तिने कावळ्यांचे आवाज वहीत टिपण्यात घालवली होती. खाणं दिसलं की तुटक, आखूड काव-काव. मांजर दिसलं की भराभर. पण आताच्यासारखा घोगरा, लांबलचक ओरडा तिने एकदाच ऐकला होता, पिल्लू घरट्यातून पडलं तेव्हा.

"पाच मिनिटं देतो," काका म्हणाले.

टिपणीच्या धाकट्या बहिणीने, भोंग्याने, लगेच फांदी तोडणाऱ्याला गाठलं. "करवतीला दात किती? पडतात का? नवे येतात का?" बिचारा मोजतच बसला!

"पिल्लाजवळ गेलं की ते जास्त चिडतील!" म्हणत टिपणीने काकांचं हेल्मेट आपल्या आतेभावाच्या डोक्यावर चढवलं. हा काडीपैलवान गच्चीभर फिरू लागला. कठड्यापाशी कावळे गप्प. नव्या टाकीपाशी थोडी कुरकुर. जुन्या टाकीपाशी पोचला मात्र, दोघे तुटूनच पडले!

"मेलो गं!"

"हलू नकोस!"

"तुझं काय जातंय!"

"ती टाकी रिकामी आहे," नव्या टाकीचा नळ बसवत असलेले प्लंबरमामा म्हणाले. "काल मीच झाकण लावलं."

"लावताना आत बघितलंत?" टिपणीने विचारलं.

मामांनी धावत जाऊन झाकण उचललं. तळाशी एक पिल्लू चोच वासून बसलं होतं, अगदी मलूल.

त्यांनी आत उतरून ते अलगद वर आणलं आणि फांदीवर ठेवलं. तो घोगरा ओरडा थांबला. आई कावळी त्याच्याशी इतक्या हळू आवाजात बोलली की टिपणीचे डोळेच भरून आले.

"चूक माझी," मामा म्हणाले. काकांनी करवत परत पाठवली.

"वीस वर्षं झाडांवर चढतोय," जाता जाता फांदी तोडणारा म्हणाला, "पण पाखरं काय सांगतात, ते ऐकायचं कधी सुचलं नाही. कोणाची हो ही पोर?"

गलका ऐकून वर आलेली टिपणीची आई गर्दीतून पुढे झाली.

"माझी!" ती सगळ्या गच्चीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.