फेसाची तक्रार

मावशीच्या लाँड्रीत तो पहिल्यांदा आला, तेव्हा त्याच्या अंगावरून पाणी निथळत होतं आणि हातातल्या बरणीत फेस होता. धाकटीला वाटलं, कपडे वाळवून घ्यायला आलाय. धाकटी म्हणजे मावशीची भाची; हॉटेलच्या चादरी धुण्याचं सगळं काम तीच बघायची.

तो निघाला बोटवाला – लोकांना किनाऱ्यालगतचे प्रवाळ दाखवायला नेणारा. बरणी टेबलावर ठेवून त्याने सांगितलं की हा फेस तुमच्या मोरीतून थेट प्रवाळांवर जातो, त्यावर शेवाळ माजतं आणि प्रवाळ गुदमरतात. "दगड नाहीत हो ते, जीव आहेत," तो म्हणाला. म्हणताना त्याचे डोळे असे काही झाले, की भांडायला उघडलेलं तोंड धाकटीने तसंच मिटलं.

आठवडा उलटायच्या आत तिने शेवाळाला न पोसणारा साबण आणला आणि धुण्याचं पाणी समुद्राऐवजी परसातल्या शोषखड्ड्यात सोडलं. मावशीने नाक मुरडलं, पण अडवलं नाही. आता शाबासकी मिळणार म्हणून धाकटी वाट बघत बसली.

तो आला आणि म्हणाला, "अजून येतोय फेस... थोडा."

दुसऱ्या दिवशीही तेच. पुढे तो केस विंचरून यायला लागला, तरी तक्रार तीच. धाकटीचं डोकं चक्रावलं. तिने पाइप तपासले, खड्डा पुन्हा खणवला, शेवटी साबणच निम्मा केला. तो यायचा, मोरीकडे एकदा आणि तिच्याकडे बराच वेळ बघायचा... की तिला आपलं तसं वाटायचं? हा माणूस फेसासाठी येतो की आपल्यासाठी, काही कळेना. आणि एक दिवस आलाच नाही तर, या विचाराने तिची इस्त्री जागच्या जागी थांबायची. एक अभ्रा त्यात करपलासुद्धा.

निम्म्या साबणात चादरी कळकट निघाल्या आणि हॉटेलने त्या परत धाडल्या. मावशीने बजावलं, पुन्हा असं झालं तर तू तुझ्या आईकडे परत जायचं. लाँड्री सुटेल याचं तिला वाईट वाटलं, पण रडू आलं ते त्याच्या आठवणीने.

सकाळी ती तडक बोटीवर गेली. "दाखवा मला, कुठे आहे फेस."

तो गडबडला. आज लाटा फार आहेत, म्हणाला. समुद्र तर इस्त्री केल्यासारखा सपाट होता.

शेवटी नेलं त्याने. नांगराने प्रवाळ मोडतात म्हणून बोट तरंगत्या पिंपाला बांधली. उन्हासाठी अंगाला क्रीम नको, तेही पाण्यात उतरतं, त्यापेक्षा हा लांब बाह्यांचा सदरा घाला. पाय खाली टेकवू नका. कशाला हात लावू नका... एवढं सांगून झाल्यावर त्याने स्वतःच तिचा हात धरला. नियम फक्त प्रवाळांपुरता असावा.

तिने पाण्यात डोकं घातलं. तळापर्यंत सगळं लख्ख. जांभळे, पिवळे, फांद्या फुटलेले प्रवाळ आणि त्यांच्यामधून पळणारे बोटभर मासे. फेसाचा ठिपका नाही. ती बोटीत चढली.

"फेस कुठाय?"

"थांबला."

"कधी?"

"तुम्ही साबण बदललात... तेव्हाच."

हसावं की याला पाण्यात ढकलावं, तिला समजेना. "मग रोज तक्रार कसली करत होतात?"

तो दोराची गाठ उगाच सोडत-बांधत राहिला. "यायला दुसरं कारण सुचेना. आणि तुम्ही... इतकं मन लावून ऐकायचात. मला तुम्ही आवडता."

धाकटीने त्याच्या हातातला दोर काढून घेतला. मग तिने कळकट चादरींचं आणि मावशीच्या धमकीचं सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. मी येतो, चूक माझीच आहे हे मावशींना सांगतो, तो म्हणाला.

"तेवढ्याने नाही भागायचं. खोटी तक्रार का केलीत, ते विचारेल ती."

"मग काय सांगू?"

"आत्ता मला सांगितलंत ते."

तो बघतच राहिला. "कधी?"

"मावशी दुपारी झोपते. त्याच्या आधी."