भोंग्यातली नावं

माझ्या घरात टूथब्रश एकच आहे आणि मी लिहिते घराण्यांवर. सासवा-सुना, नणंदा-भावजया, मावश्यांची भांडणं, बहिणींचे रुसवे. आमच्या कार्मेलो गावातल्या बायका माझी पुस्तकं काखेत घेऊन बेकरीच्या रांगेत उभ्या राहतात आणि म्हणतात, "मिर्ताबाई, केवढा गोतावळा असेल हो तुमचा!"

मी हसते. मला भाऊ नाही, बहीण नाही, नवरा झाला नाही. आई गेल्यापासून या घरात माझ्याशिवाय कोणी शिंकलेलंसुद्धा नाही. एका मातृदिनाला वाचनालयाच्या बायकांनी मला आदर्श आईची फुलदाणी दिली. मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी बँड सुरू केला. फुलदाणी अजून आहे. तिच्यात छत्री ठेवते.

लिहायची माझी पद्धत वेगळी आहे. संध्याकाळी मागच्या अंगणात, लिंबोणीखाली, पात्रं असतील तितक्या खुर्च्या मांडायच्या. काखेत थर्मास, हातात तुंबा, तुंब्यात माते नावाच्या कडू चहाचा पाला आणि तो ओढून प्यायची नळी. चारचौघी जमल्या की आमच्याकडे तुंबा जसा हातोहात फिरतो तसा तो फिरवायचा. एकीच्या खुर्चीत बसून तिचं बोलायचं, तिच्या वाटचा माते प्यायचा, की उठून दुसरीच्या खुर्चीत. मोठ्या कुटुंबाची कादंबरी असली की मला महिनोन्‌महिने झोप लागत नाही. लोकांना वाटतं प्रतिभा. माते असतो तो.

या खेपेच्या कादंबरीत तीनच बहिणी होत्या. थोरली देलिया, सगळ्या जगावर डाफरणारी. मधली नेली, दूध उतू गेलं तरी रडणारी. धाकटी पोचा, नवरा सोडून आलेली आणि त्याचं काडीइतकं वाईट न वाटणारी. आडनाव सुचेना म्हणून माझंच दिलं, इरिगोशेन.

एका सकाळी शेजारच्या सुल्मानं भिंतीवरून विचारलं, "मिर्ता, देलियाचा गुडघा कसाय गं आता?"

पुस्तक छापलं नव्हतं, पण मी अंगणात मोठ्यानं बोलते, आणि सुल्माचे कान भिंतीच्या अलीकडेच राहतात. मीही थट्टेत म्हटलं, "शेकतेय."

"काल म्हणत होती, अंजिराच्या मुरंब्यात तू साखर फार घालतेस."

"कोण म्हणत होतं?"

"अगं, देलिया! इथेच तर उभी होती तासभर. तू कुठे तडमडली होतीस?"

मी घरातच होते.

सुल्मा पहिल्यापासून चहाटळ. मी मनावर घेतलं नाही. पण मग केस कापायला गेले तर माबेल कात्री हातात धरून म्हणाली, "नेलीला रंग आवडला का गं? जरा गडद झाला म्हणून रडायलाच लागली बिचारी." आणि खाटीक, ज्यानं आजवर माझ्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, तो मिशीला हात लावत विचारता झाला, "पोचाताई नाही आल्या?"

सगळं गाव ठरवून थट्टा करतंय म्हणावं, तर आमच्या गावाला आजवर एकही गोष्ट ठरवून करता आलेली नाही.

त्याच आठवड्यात, तुंबा देलियाच्या खुर्चीपुढे ठेवला असताना आत फोन वाजला. बाहेर आले तर तुंबा रिकामा. पाणी सांडलं असेल म्हणून जमीन पाहिली, कोरडी होती. नळी माझ्या खुर्चीकडे वळवून ठेवलेली होती. पिऊन झालं की पाणी ओतणारीकडे नळी करून तुंबा परत द्यायचा, हे चांगल्या घरचं वळण. देलियाला ते वळण मीच लावलं होतं.

मी पुन्हा पाणी ओतलं, समोर ठेवलं आणि बसून राहिले. लिंबोणीत चिमण्या येऊन झोपल्या. माते गार झाला. मी असले की कोणी पीत नव्हतं.

खरं सांगते, भीती नाही वाटली. राग आला. अख्ख्या गावाला माझ्या बहिणी भेटत होत्या आणि मला एकटीला भेटत नव्हत्या.

मग मी त्यांच्या मागे लागले. माबेलकडे धावत गेले तर ती म्हणाली, "आत्ता तर गेली नेली. दारात तुझ्या अंगावरूनच गेली की! बोलत नाही का तुम्ही एकमेकींशी?" मग आवाज खाली आणून, "म्हणत होती, मिर्ता आमच्या तोंडात शब्द कोंबते, आमचं ऐकून घेत नाही. मिटवून टाक बाई. बहिणी आहेत."

त्या संध्याकाळी मी खुर्च्या मांडल्या आणि तोंड बंद ठेवलं. ऐकत बसले. बऱ्याच वेळानं हसणं ऐकू आलं, पण भिंतीपलीकडून. सुल्माचं हसणं मला पाठ आहे. तिच्या जोडीला आणखी तिघींचं होतं. मी खुर्चीवर चढून डोकावले. सुल्मा एकटी बसली होती, पुढे तीन खुर्च्या मांडून, आणि हसून हसून डोळे पुशीत होती.

"ये की गं इकडे!" ती ओरडली. "पोचा तुझीच नक्कल करतेय!"

खुर्ची कलंडली आणि मी लिंबोणीत पडले. पलीकडे पुन्हा हशा झाला.

काटे काढता काढता मी ठरवलं. बहिणी बारशाला येत नाहीत, लग्नात रुसून बसतात, आजारपणात फोनवर भागवतात. पण मयताला न आलेली बहीण मी एकाही कादंबरीत लिहिलेली नाही, कारण वाचकांना ते पटत नाही. थोरलीला मारायचं. मयत याच घरातून काढायचं. उरलेल्या दोघी जातील कुठे? देलियाचं वाईट वाटलं. तिघींत मला तीच जवळची होती. पण एक गेली तर दोघी भेटणार होत्या, आणि मला एकीची तरी गळाभेट हवी होती.

प्रकरण लिहून झालं, अडलं ते घोषणेपाशी. आमच्याकडे कोणी गेलं की गावचा दवंडीवाला वॉशिंग्टन आपल्या जुन्या फियाटच्या टपावरचा भोंगा लावून गल्लोगल्ली हळूहळू फिरतो. कोण गेलं, मागे कोण आहे, कुठल्या घरातून नेणार. भोंग्यात ज्याचं नाव तो घरचा. एका जावयाचं नाव चुकून राहिलं, तर सासऱ्याच्या मयतात त्याला कोणी कॉफी विचारली नाही. दहा वर्षं त्याच घरात जेवत होता. म्हणून मला ती चार वाक्यं अस्सल हवी होती. कागद घेऊन मी वॉशिंग्टनच्या घरी गेले.

"जरा तुझ्या आवाजात वाचून दाखव रे. कानाला कसं लागतं ते बघायचंय."

त्यानं हात धुतले, टोपी काढली आणि वाचलं. वाचून झाल्यावर टोपी छातीशी धरली.

"बरोबर आहे सगळं," तो म्हणाला, आणि कागद घडी करून खिशात घातला. माझी सही नसलेला कागद आठवण म्हणून कोण ठेवतं, असं मनात आलं. पण लेखिकेला असले प्रश्न फार वेळ पडत नाहीत.

सकाळी कॉफी गाळत होते तेव्हा कोपऱ्यावरून भोंगा वळला. "देलिया इरिगोशेन यांचं निधन झालं आहे. त्यांच्या बहिणी नेली आणि पोचा कळवतात, की फिरत्या पुलाकडच्या गल्लीतल्या राहत्या घरातून आज दुपारी…"

मी सपाता घालून फियाटमागे पळाले. ती चालत्या माणसाच्या वेगानं जाते, तरी ती मला गाठता येईना. लोकांना वाटलं दुःखानं पळतेय. त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि वाट सोडली.

परत आले तर घराचं दार सताड उघडं होतं.

पुढच्या खोलीत झाकण लावलेली शवपेटी होती, फिकट लाकडाची. "बहिणींची निवड," पेटी आणणारा माणूस कोणालातरी सांगत होता. खोलीखोलीत माणसं होती. कोणी खोकत होतं, कोणी नाक शिंकरत होतं, न्हाणीघरापुढे रांग लागली होती. माझ्या घरात! क्षणभर, देवा शपथ, मला आनंद झाला.

"नेली कुठेय?" मी माबेलला विचारलं.

"स्वयंपाकघरात. रडून रडून बेजार झालीय."

स्वयंपाकघरात नळ वाहत होता. ओट्यावर विसळलेले कप निथळत होते.

"अंगणात गेली," कोणीतरी म्हणालं.

अंगणात खाटीक रुमाल पुढे धरून उभा होता, समोर कोणी नसताना. "रडा, पोचाताई, रडून घ्या," असं म्हणत होता. मी धावले. त्याच्या हातातून रुमाल निघून गेला होता.

"आत गेल्या," तो म्हणाला.

मी आत गेले. बाहेर आले. पुन्हा आत गेले. कोणीतरी माझ्या हातात रिकामा कप दिला. दुसऱ्यानंही दिला. मग तबकच आलं. मला वाटलं, घरची म्हणून देतात. अर्ध्या खोल्या फिरून झाल्यावर लक्षात आलं, की मला अजून एकानंही जवळ घेतलं नव्हतं.

पेटी उचलली तेव्हा चारही माणसं कण्हली.

दारात घरच्यांसाठीची काळी गाडी लागली होती. चालवायला वॉशिंग्टनच, टाय लावून. मी मागच्या दाराला हात घातला. त्यानं अलगद माझा हात बाजूला केला.

"घरच्यांची गाडी आहे, बाई."

"अरे वॉशिंग्टन, मी!"

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, नम्रपणे. "भोंग्यात तुमचं नाव नव्हतं. मागून चालत या. स्मशान लांब नाही."

मागची सीट रिकामी होती. मी डोळ्यांनी पाहिली. मग काच आतून हळूहळू वर सरकत गेली, अगदी शेवटपर्यंत.

गाडी निघाली. मागच्या बाजूनं खाली दबलेली.

मंडळी चालू लागली. शेजारी सुल्मा रुमालाची गाठ मारत होती. तीस वर्षं आमची भिंत एक आहे. मी तिचा दंड धरला.

"सुल्मा, मला त्या भेटल्याच नाहीत गं."

तिनं माझा हात थोपटला, आणि परक्या माणसाला दुखवू नये अशा बेतानं विचारलं, "तुम्ही मयताच्या कोण लागता?"