अजून एक राउंड

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. केवळराम माझे सख्खे मामा. हे सगळं त्यांनीच मला सांगितलं.

गाव तिरोडा तालुक्यातलं, चोरखमाऱ्याच्या अलीकडचं. नाव सांगत नाही. मामा-मामी अजून तिथेच राहतात.

त्यांना एकच मुलगी. हर्षा. एकोणीस वर्षांची. पाच हजार मीटर धावायची. राज्यात तिसरी आली होती. फेब्रुवारीत पुण्याला होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली होती. गावात मैदान नाही, म्हणून ती रोज पहाटे तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, सराव करायची. या टोकापासून त्या टोकाला जाऊन परत, की एक किलोमीटर. मामा मोबाइलवर वेळ लावून बसायचे.

गेल्या वर्षी बारा जानेवारीला ती पाचव्या फेरीनंतर थांबली.

“बाबा, छातीत कसंतरी होऊन राहिलं.”

“थंडीनं होते तसं. एक राउंड मार अजून.”

ती गेली.

परत आली नाही.

मामा धावत पोचले, तेव्हा ती पाळीच्या दुसऱ्या टोकाला पालथी पडली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. आपण तिला काय म्हणालो होतो, हे मामांनी कुणालाच सांगितलं नाही. मामीलाही नाही.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे मामा पाळीवर गेले. कशाला गेले, त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. पाण्यावर धुकं साचलं होतं.

आणि मग...

टप्. टप्. टप्.

बुटांचा आवाज. समोरून येत होता.

पाळीवर कुणीच नव्हतं.

आवाज अगदी अंगाला घासून गेला. चार मिनिटांनी परत आला. पुन्हा गेला. पुन्हा आला. मामा मोजत राहिले. अकरा फेऱ्या. हर्षा आठाच्या वर कधी गेली नव्हती. उजाडेपर्यंत पावलं फरफटू लागली. आणि श्वास... फाटक्या भात्यासारखा.

मामांना कळलं. तिला थांब म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं.

नऊ दिवस हेच. मामांनी पूजा घातली, नारळ फोडले. शेवटी पाळीवर बोरीच्या काटेरी फांद्या आडव्या टाकल्या. आवाज त्या काट्यांतूनच गेला. एक पान हललं नाही... पण ती कण्हली.

मामांनी नुसत्या हातांनी त्या फांद्या ओढून फेकल्या.

दहाव्या पहाटे ते पाळीच्या मधोमध हात पसरून उभे राहिले.

“बस कर, बाई. माझीच चूक झाली. मीच म्हटलं होतं न. घरी चाल आता.”

पावलं थांबली.

थेट समोर.

त्या थंडीत मामांच्या तोंडावर गरम श्वास येत होता...

ते वळले आणि घराकडे चालू लागले. मागे पावलं. हळू, चालणारी.

अंगणात मामी सडा टाकत होती. तिने वर पाहिलं. मामांकडे नाही, त्यांच्या मागे. तिच्या हातातली बादली सुटली.

“तुमच्या मांगं कोण येऊन राहिलं?”

तिथेच उभ्याने मामांनी तिला सगळं सांगितलं. ते ‘एक राउंड’सुद्धा. मामी आत गेली आणि हर्षाची गादी अंथरली.

त्या दिवसापासून पाळीवर आवाज नाही.

दिवाळीत मी गेलो होतो. भर दुपार होती. मामी त्या रिकाम्या गादीजवळ बसून हातपंख्याने वारा घालत होती.

“मामी, कोणाला?”

तिने ओठांवर बोट ठेवलं.

मग मलाही ऐकू आलं... श्वास. आत्ताच धावून आल्यासारखा.

“नऊ महिने झाले,” मामी म्हणाली. “दम काही बसूनच नाही राहिला पोरीचा.”

मी त्या घरी परत गेलो नाही. मामांचा फोन येतो कधीमधी. बोलता बोलता ते गप्प झाले, की मागून तो श्वास ऐकू येण्याआधी मी घाईघाईने काहीतरी बोलत सुटतो.