तेविसावा थेंब

लातूरच्या एमआयडीसीत, एका डाळमिलला खेटून, मल्लिनाथ सरांची लॅब होती. फवारणीच्या एका नव्या पंपाचं काम तिथं चाललं होतं. थेंब तुरीच्या पानावर कसा पडेल याचं गणित कॉम्प्युटरनं आधीच मांडलं होतं. ते खरं की खोटं, हे तपासायचं काम तनुजाचं. सुईतून रोज तीस थेंब पानावर सोडायचे, हायस्पीड कॅमेऱ्यात धरायचे आणि कॉम्प्युटरच्या थेंबाशी ताडून बघायचे. सुईत औषध नसे, साधं डिस्टिल्ड पाणी असे.

एकोणतीस थेंब शहाण्यासारखे पानावर बसत. तेविसावा बसत नसे. सुईतून सुटे, अर्ध्या वाटेत डावीकडे वळे, वर उचलला जाई आणि कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर निघून जाई. तिनं सुई बदलली, पान बदललं, पंखा बंद केला, खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावली. काही फरक पडला नाही.

"काढून टाक. एखादा थेंब चुकतोच," सर म्हणायचे. ती त्या थेंबाच्या चित्रणाची फाइल काढायची, पण पुसायला हात धजायचा नाही. वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून द्यायची. दोन वर्षांत चारशे बारा झाल्या.

त्या वगळल्या की कॉम्प्युटर तंतोतंत खरा ठरत होता. म्हणजे थेंब उलटा येत नाही, म्हणजे फवारणाऱ्याला मास्क नको. पंपाच्या खोक्यावर तसं छापायचंसुद्धा ठरलं होतं. तिकडं भोकरजवळ तिचे वडील, व्यंकटी, मजुरीनं फवारणी करत. फोनवर ते खूश होते. "तोंड बांधलं की लई गुदमरायलंय, बाई. तुज्या सरानंच नको म्हनलं तर बरंच हाय की."

तनुजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरांचा राग आला, त्याहून स्वतःचा आला. फाइली बाजूला काढणारे हात तिचेच होते.

त्या दुपारी तिनं वगळलेला एक थेंब कॉम्प्युटरलाच दिला. चौकटीतला त्याचा वेग हा, वळण हे. पुढं कुठं गेला ते सांग. उत्तर आलं. सुईच्या डावीकडे बासष्ट सेंटिमीटर, जमिनीपासून एकशे अठरा.

तिनं मोजलं. ती जागा तिच्याच खुर्चीच्या वर, रिकाम्या हवेत होती. ती खुर्चीत बसली. जागा बरोबर तोंडाशी आली.

डाळमिलच्या धुळीमुळे स्कूटीवरचा स्कार्फ ती लॅबमध्येही सोडत नसे. रोज संध्याकाळी त्यावर ओठांपाशी एक ओला डाग असे. श्वासानं होत असेल, असं ती धरून चालली होती.

सर आत आले. "अहवाल झाला का?"

"मी सही करणार नाही, सर. ते थेंब कुठं जातात ते कळलंय मला."

"अजून ठेवलेस ते? ऊठ. मीच पुसतो." सर खुर्चीत बसले.

एवढ्या रागातही तिनं स्कार्फ सोडून पुढं केला. "आधी तोंडाला बांधा."

"पाण्याच्या थेंबाला मास्क?" सर हसले. "खुळी झालीस काय?"

त्यांनी सगळ्या फाइली निवडल्या आणि डिलीट दाबलं. एकेक फाइल पुसली जाऊ लागली.

पंखा बंदच होता.

सरांनी वरचा ओठ पुसला.

"औषधाचा वास कुठून यायलाय?" त्यांनी विचारलं आणि पुन्हा ओठ पुसला.

वडिलांच्या सदऱ्याला येणारा वास तनुजा ओळखत होती. तिनं स्क्रीनकडे पाहिलं. चारशे दहा फाइली बाकी होत्या.